एकतीस नंबरचा धोडप

शरच्चंद्र गायधनी यांच्या वह्यांमध्ये धोडप किल्ला एकशे सत्त्याऐंशी वेळा दिसला आहे. वह्या तीन आहेत, शंभर पानी, आखीव. पहिली नोंद जून २००८ची. दर दिवसाला एक ओळ: तारीख, वेळ, वारा, आणि शेवटी ‘धोडप: हो’ किंवा ‘धोडप: नाही’. सतरा वर्षांत ‘हो’ एकशे सत्त्याऐंशी आणि ‘नाही’ साडेपाच हजारांच्या वर.

गायधनी पासष्ट वर्षांचे आहेत. दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या अलीकडे, एका चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. चुलतभाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. यांच्या वडिलांनी ते सोडून नोकरी धरली आणि यांनीही नोकरीच केली. सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. यंत्राच्या भागांची चित्रं काढायची आणि त्यावर मापं टाकायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. एकदा मोजलेलं माप कुणाला आवडो न आवडो, कागदावर जातंच, एवढी एक सवय त्या नोकरीने लावली. पुढे जे घडलं त्यात ही सवयच आडवी आली.

रोज सूर्य उगवायच्या सुमाराला ते कॅमेरा आणि तिपाई घेऊन गच्चीवर जातात आणि साडेसातपर्यंत थांबतात. समोर चामरलेणीचा डोंगर, डावीकडे रामशेज, आणि ईशान्येला सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर धोडप. धोडपच्या माथ्यावर कातळाची लांब भिंत आहे आणि त्या भिंतीत मधेच एक चौकोनी खाच. ती खाच दिसली तर ‘हो’. बाकी सगळं ‘नाही’. ‘हो’च्या दिवशीचे फोटो ते जपून ठेवतात. ‘नाही’च्या दिवशीचा फोटो गच्चीवर उभ्या उभ्याच कॅमेऱ्यातून पुसून टाकायचे. करडा कागद ठेवून काय करायचा, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं कशासाठी, तर सातमाळा भ्रमण मंडळाच्या कॅलेंडरसाठी. मंडळाचे सभासद दीडशेच्या आत आहेत. कॅलेंडर सहाशे छापतात. ते सभासदांच्या घरी लागतं, दोन-तीन दवाखान्यांत लागतं, मनमाडला एका सभासदाच्या स्टेशनरीच्या दुकानात लागतं. पंधरा वर्षांत पंधरा कॅलेंडरं निघाली, त्यातल्या बारांच्या कव्हरवर गायधनींचा फोटो होता. मंडळातली माणसं त्याला ‘गायधनींचं कॅलेंडर’ म्हणतात. गायधनींनी ते कधी दुरुस्त केलेलं नाही.

कॅलेंडरसाठी येणाऱ्या फोटोंना नाव नसतं, नंबर असतो. कोणाचा नंबर कोणता, हे फक्त मंडळाचे सचिव विश्वेश निसळ यांना माहीत. विश्वेश चाळिशीचे, द्वारका चौकाजवळ त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. फोटोत काही बनवाबनवी आहे का, हे तपासायचं काम गायधनींचं. त्यांचे स्वतःचे फोटो तेवढे विश्वेश तपासतात. तपासणीचा नियमही गायधनींनीच २०११ साली लिहिला: ‘छायाचित्रात नसलेली वस्तू घातलेली किंवा असलेली वस्तू काढलेली चालणार नाही.’

उत्तराबाई गायधनी एका विमा कार्यालयातून २०१९मध्ये निवृत्त झाल्या. त्यांना डोंगरांत रस नाही. कधी गच्चीवर कॅमेऱ्यापाशी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या ऑफिसातल्या निवृत्त बायकांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे, बेचाळीस जणींचा. तिथे रोज सकाळी गुलाब, समई आणि सुविचार येतात. निवृत्तीनंतर महिनाभरातच उत्तराबाईंना त्या गुलाबांचा कंटाळा आला. चहाचं आधण ठेवलं की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोनवर एक फोटो काढू लागल्या, त्यावर ‘शुभ सकाळ’ लिहायचं आणि पाठवून द्यायचा. सहा वर्षं त्यांनी हे केलं. एकही फोटो पुसला नाही. फोन भरला असं तो वारंवार सांगतो, आणि गायधनीही सांगतात.

“पुसून टाक ना ते. रोज तीच खिडकी.”

“तुमचा रोज तोच डोंगर,” उत्तराबाई म्हणतात.

दिवाळी झाल्यावर छाया पिंगळे भाजी घेऊन आल्या. छाया त्याच ऑफिसात शिपाई होत्या. मखमलाबादला त्यांची शेवंती आणि झेंडू असतो, बांधाला थोडी मेथी. गायधनी टेबलाशी पेपर वाचत बसले होते.

“मॅडम, तुमचा फोटो रोज येतो, पर लय धुरकट,” छाया म्हणाल्या. “चुलीपुढून काढल्यावानी.”

“अगं, हवाच तशी आहे. त्यात कुंभमेळ्यासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेत.”

“हवा राहू द्या तशी. फोटो कशाला तसा पायजे? द्या फोन इकडं.” छायाबाईंनी फोटो उघडला, दुरुस्तीच्या खुणेवर बोट ठेवलं आणि तळाशी असलेली एक पट्टी उजवीकडे सरकवली. “हे बघा. मी शेवंतीचा फोटो पहाटं व्यापाऱ्याला धाडते. धुक्यात काढला का फूल मेल्यावानी दिसतं. त्यो म्हनतो, कालचा माल हाय का. मंग हे सरकवायचं.”

पेपरामागून गायधनी म्हणाले, “म्हणजे व्यापाऱ्याला फसवायचं.”

“फसवायचं कशाला साहेब? फूल ताजंच हे की. धुकं मधी येतं, त्यात फुलाची काय चूक?”

उत्तराबाई हसल्या. गायधनींनी पान उलटलं.

ती पट्टी काय करते, हे गायधनींना ठाऊक होतं. त्यांनी त्यावर वाचलेलं होतं. धुरकं म्हणजे डोळा आणि डोंगर यांच्या मधली धूळ, धूर आणि ओल. ती उजेड विखरून टाकते आणि दूरच्या वस्तूवर करडा पडदा चढतो. वस्तू जितकी लांब, तितका पडदा जाड. तो उतरवण्याची एक रीत अशी: प्रोग्राम फोटोचे बारीक तुकडे पाहतो. स्वच्छ हवेतल्या कुठल्याही तुकड्यात एखादी तरी गडद जागा असतेच, पानाखालची सावली, कपारीतला अंधार. ती जागा गडद असायच्या ऐवजी करडी दिसली, तर तेवढं धुरकं वरून आलंय असं प्रोग्राम धरतो, तेवढं वजा करतो आणि उरलेले रंग ताणून पुन्हा उभे करतो. पांढऱ्या वस्तूत गडद जागा नसते, त्यामुळे तिथे तो फसतो. पांढऱ्यालाही धुरकं समजतो.

गायधनींनी ती पट्टी स्वतः कधी वापरली नव्हती. सतरा वर्षं ते हवेची वाट पाहत आले होते. एखाद्या अवकाळी पावसानंतर आकाश धुऊन निघालं की त्या एका सकाळसाठी ते तापातही गच्चीवर गेलेले आहेत.

१२ नोव्हेंबरला, बुधवारी, वहीत नोंद आहे: ‘७.२५. वारा नाही. धोडप: नाही.’ त्याच सकाळी सात बावीसला, त्यांच्या पायाखाली तीन मीटरवर, उत्तराबाईंनी खिडकीतून फोटो काढला, पट्टी सरकवली, ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवला आणि पोह्यांना फोडणी दिली. पोहे होईपर्यंत विश्वेश यांच्या आई विमलाबाई यांचा ग्रुपवर प्रश्न आला: मागे तो धोडप का गं?

“अहो,” उत्तराबाईंनी फोन पुढे केला, “हा धोडप आहे का?”

“आज नाही दिसला.”

“मग हे काय आहे?”

“ढग असेल.”

“ढगाला खाच असते का?”

गायधनींनी चष्मा लावला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, “पोह्यात मीठ कमी आहे.”

त्या फोटोवर ग्रुपमधल्या एकेचाळीस जणींनी बदाम टाकले, म्हणजे उत्तराबाई सोडून सगळ्यांनी. हा आकडा गायधनींना माहीत आहे, कारण उत्तराबाई अंघोळीला गेल्यावर त्यांनी तो मोजला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या सर्वांत चांगल्या धोडपला अकरा अंगठे मिळाले होते, त्यातला एक वॉचमनचा.

पुढचे काही दिवस घरात एक नवी गोष्ट सुरू झाली. गायधनी साडेसातऐवजी सातलाच खाली यायला लागले आणि स्वयंपाकघरात उभे राहायला लागले. कधी पाणी प्यायला, कधी डबा शोधायला. बायको कुठे उभी राहते, फोन कसा धरते, हे बघायचं होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. उत्तराबाई एका हाताने गाळणं धरून दुसऱ्या हाताने फोटो काढत. तिपाई नाही, वाऱ्याची नोंद नाही, थांबणं नाही. त्यांना हे सगळं फुकट मिळत होतं, आणि याचाच गायधनींना राग होता. मेहनत करून कुणी पुढे गेलं असतं तर त्यांनी ते सहन केलं असतं, असं ते स्वतः सांगतात. तसं त्यांनी पूर्वी कधी सहन केल्याचं मंडळात कुणाला आठवत नाही. ज्या तीन वर्षी कव्हर दुसऱ्यांना गेलं, त्या तीन वर्षांची कॅलेंडरं त्यांच्या घरी लागली नव्हती.

२६ नोव्हेंबरला विश्वेश यांच्याकडून तपासणीसाठी अठ्ठावन्न फोटो आले. गायधनींनी सकाळी कॉम्प्युटर लावला. एकतीस नंबरचा फोटो उघडला आणि ते खुर्चीत मागे टेकले. डाव्या कोपऱ्यात त्यांच्याच खिडकीच्या गजाची कड होती, खाली समोरच्या बंगल्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. मागे चामरलेणीचा डोंगर, आणि उजव्या बाजूला, फिका पण स्पष्ट, खाचेसकट धोडप. फक्त ‘शुभ सकाळ’ काढलेलं होतं.

झालं होतं ते साधं. विमलाबाईंनी फोटो मुलाला दाखवला, विश्वेशने उत्तराबाईंना फोन केला, “काकू, पाठवा की कॅलेंडरला,” आणि त्यांनी पाठवला. नवऱ्याला सांगितलं नाही. नंबर गुप्त ठेवायचा असतो, असं त्यांनी ऐकलं होतं.

गायधनी तो फोटो तास-दीड तास पाहत होते. चांगला होता. जवळचा डोंगर तपकिरी, मधला निळसर, शेवटचा करडा, अशा एकामागे एक घड्या पडल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या बारा नंबरच्या फोटोत, जो ३ ऑक्टोबरच्या धुतल्या हवेत काढला होता, सगळेच डोंगर सारखे ठळक होते. तिच्या फोटोत जी खोली होती, ती यांच्या फोटोत नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येणं त्यांना फार लागलं.

मग त्यांना टाकी दिसली. समोरच्या बंगल्याची टाकी पांढरी आहे. फोटोत ती फिकट निळी होती. पट्टीने पांढऱ्याला धुरकं समजून वजा केलं होतं. गायधनींनी टाकी मोठी करून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच चहा मागितला. जिथे टाकी निळी झाली, तिथे डोंगरही आला असेल. त्यांनी वही काढली, १२ नोव्हेंबरची ओळ काढली आणि शेरा लिहिला: ‘क्र. ३१. दूरवरचा डोंगर त्या दिवशी, त्या वेळी दृश्य नव्हता, याची स्वतंत्र नोंद उपलब्ध आहे. डोंगर घातलेला दिसतो. बाद करावा.’ तारीख आणि वेळ फाइलमध्येच होती. शेरा विश्वेशकडे गेला.

उत्तराबाई चहा घेऊन आल्या.

“झाले का तपासून?”

“चाललंय.”

“काही चांगले आहेत का?”

“एक-दोन आहेत.”

“कुठले?”

“नंबर सांगता येत नाहीत. नियम आहे.”

“तुम्हीच केलेला ना?”

“मीच केलेला.”

“मग पाळा,” उत्तराबाई म्हणाल्या आणि रिकामी बशी उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गायधनींनी दोन चादरी धुतल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली. चादर त्यांनी यापूर्वी धुतली नव्हती. त्या त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या तारेवर वाळत घातल्या. संपूर्ण खिडकी झाकली. तिसऱ्या दिवशी त्याच दोन चादरी पुन्हा धुतल्या.

“अहो, या कालच धुतल्यात.”

“धुळीचे दिवस आहेत.”

“मग तिकडच्या दोरीवर घाला. इकडे ऊन येत नाही.”

“येतं.”

उत्तराबाईंनी कपडे वाळत घालायच्या काठीने चादर बाजूला सारली, फोटो काढला आणि चादर होती तशी सोडली. त्या दिवशीच्या ‘शुभ सकाळ’मध्ये फोटोचा डावा भाग निळ्या पट्ट्यापट्ट्यांचा होता. छायाबाईंचा लगेच निरोप आला: चादर छान हाय मॅडम, कुठून घेतली.

मंडळाची एक रीत आहे. एखादा फोटो बाद करायचा शेरा आला, तर सचिव पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल मागवतात, जशी काढली तशी, काही न करता. ती पुन्हा तपासणाऱ्याकडे जाते. १ डिसेंबरला एकतीस नंबरची मूळ फाइल आली. दुपारची वेळ होती, उत्तराबाई भिशीला गेल्या होत्या.

मूळ फोटो करडा होता. चामरलेणी होती, टाकी पांढरी होती, आणि मागे काहीच नव्हतं. गायधनींना बरं वाटलं. तिथे ते थांबू शकले असते. पण माप घेतल्याशिवाय शेरा पक्का करायचा नाही, ही चौतीस वर्षांची सवय. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा आकडा असतो: पूर्ण काळ्याला शून्य, पूर्ण पांढऱ्याला दोनशे पंचावन्न. जिथे धोडप असायला हवा, तिथल्या आकाशाचा आकडा त्यांनी घेतला. २०४. थोडं खाली सरकले. २००. पुन्हा वर: २०४. पुन्हा खाली: २००. असे त्यांनी डावीकडून उजवीकडे वीस ठिकाणी आकडे घेतले आणि कागदावर मांडले. आकड्यांची एक कड तयार झाली. ती सरळ गेली, मग एका जागी २०० ऐवजी पुन्हा २०४ आला, तीन वेळा, आणि पुढे परत २००.

ती खाच होती.

चारचा फरक. डोळ्याला तेवढा कळत नाही, पण फाइलमध्ये तो होता. पट्टीने काही घातलं नव्हतं. जे होतं ते ताणून मोठं केलं होतं. १२ नोव्हेंबरला धोडप समोर उभा होता आणि त्याच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाने वहीत ‘नाही’ लिहिलं होतं.

गायधनींनी कॅमेऱ्याचं कार्ड काढून पाहिलं. त्या दिवशीचा त्यांचा फोटो त्यात नव्हता. नसणार हे माहीत होतं, तरी पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात दुसरा आकडा आला. साडेपाच हजार सकाळी. त्यातल्या किती सकाळी चारचा फरक असेल, हे आता कधीच कळणार नव्हतं, कारण ते सगळे फोटो त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने पुसले होते. आणि सहा वर्षांच्या सकाळी एकाही दिवसाची गळती न होता घरातच होत्या, उत्तराबाईंच्या पर्समधल्या फोनमध्ये, जो फोन रिकामा कर म्हणून ते दर आठवड्याला तिच्या मागे लागत.

आकड्यांचा कागद त्यांनी तिसऱ्या वहीत ठेवला. शेरा मागे घेतला नाही. मंगळवारी घेतला नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. तो कागद दुसऱ्या कुणी कधी पाहिला नसता. मंडळात मोजमाप करणारं दुसरं कुणी नाही. गप्प राहिलं की कव्हर बारा नंबरला जाणार, हे जवळपास ठरलेलं होतं. विश्वेशने तसं सुचवलंही होतं.  या चार दिवसांत चादरी मात्र रोज वाळत होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी विश्वेशचा फोन आला.

“काका, एकतीसचं मूळ बघितलंत ना? शेरा कायम ठेवू? परवा वाचायचाय.”

“तू वाचू नकोस. मी येऊन वाचतो.”

रविवारी, ७ डिसेंबरला, विश्वेश यांच्या दुकानामागच्या खोलीत बैठक झाली. सात जण कार्यकारिणीचे, आणि आठव्या उत्तराबाई. मंडळाच्या बैठकीला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून विश्वेशने त्यांना डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्यासमोर भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता.

पडद्यावर एकतीस नंबर लावला. गायधनींनी खिशातून कागद काढला आणि वीसच्या वीस आकडे वाचले, डावीकडून उजवीकडे. कुणाला काही समजलं नाही.

“काका, डोंगर आहे की नाही तेवढं सांगा,” ललित शुक्ल म्हणाले. ते मंडळाचे खजिनदार, घाईत असतात.

“आहे.”

“मग तुमच्या वहीत नाही कसं?”

“मला दिसला नाही.”

 गायधनींनी कागदाची घडी केली, पण ते बसले नाहीत.

“दुसरा मुद्दा. टाकी पांढरी आहे. फोटोत निळी आहे. नियमात रंगाबद्दल काही लिहिलेलं नाही, ती माझी चूक. पण हे नोंदवून घ्या.”

“टाकी पांढरीच आहे,” डोळे तपासायच्या खुर्चीतून उत्तराबाई म्हणाल्या. “मी रोज बघते. ती पांढरी करून द्या, माझं काही म्हणणं नाही.”

विश्वेशने कपाळाला हात लावला. “काकू, नंबर गुप्त असतो.”

“यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“कशावरून?”

“दहा दिवस चादरी धुतायत.”

ललित मोठ्याने हसले, मग त्यांना कुणीतरी कोपर मारलं. एकतीस नंबर कव्हरला घ्यावा, यावर सहा हात वर झाले. गायधनींनी तपासणीस म्हणून मत दिलं नाही. बारा नंबर ऑक्टोबरच्या पानावर गेला.

टाकी गायधनींनीच दुरुस्त केली. टाकीपुरता भाग वेगळा काढून तिथे मूळ फोटोतले रंग परत बसवायचे, म्हणजे तेवढ्या जागेवरची वजाबाकी रद्द करायची. तासभराचं काम. उत्तराबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

“तुम्ही एवढं करताय, तर तुमचंही नाव टाकायला सांगू का?”

“नको,” गायधनी म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी विश्वेशला फोन करून ‘तांत्रिक साहाय्य’ अशी ओळ खाली कुठे बसते का, ते विचारलं. जागा नव्हती.

नवं कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं आहे. दिवाणखान्यात अजून २०२५चंच आहे, गायधनींच्या कव्हरचं. त्यावर इलेक्ट्रिशियनचा नंबर लिहिलेला आहे म्हणून काढलं नाही, असं ते सांगतात. गच्चीवर जाणं चालू आहे. फोटो आता पुसत नाहीत.

जानेवारीपासून आणखी एक काम चालू होतं. उत्तराबाईंच्या फोनमधले २०१९पासूनचे खिडकीचे फोटो गायधनींनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. एकेका ‘नाही’च्या दिवशीचा फोटो उघडायचा, माप घ्यायचं, खाच सापडते का पाहायचं. वहीतली नोंद ते बदलत नाहीत. वेगळ्या कागदावर तारीख लिहितात. कागदाच्या डोक्यावर ‘उत्तरा’ असं लिहिलं आहे. २०१९च्या दिवसांत सव्वीस तारखा निघाल्या, टाळेबंदीच्या वर्षात अठ्ठावन्न. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२३चा पावसाळा संपतो तिथे, कागदावर एकशे एक्क्याऐंशी तारखा झाल्या. तिथून काम थांबलं आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीला द्यायचा आहे, असं गायधनींचं म्हणणं आहे. कॉम्प्युटरवर ते रोज बातम्या वाचतात.

“किती झाले माझे?” परवा उत्तराबाईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं.

“एकशे एक्क्याऐंशी.”

“आणि तुमचे?”

“एकशे सत्त्याऐंशी.”

“बरं,” उत्तराबाई म्हणाल्या. “राहू दे, घाई नाही. मी रोज काढतेच आहे.”